आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं

समुद्राला तोंड करून उभे असलेले ते सात बंगले बघायला माणसं लांबलांबून येत. एका तिकिटात तीन बंगले बघता येत, आणि त्या तिघांतला थोरला तो जहाजवाल्यांचा. चाळीस खोल्या, संगमरवरी जिना, छतावर सोन्याचं पाणी दिलेली नक्षी, आणि राहायला माणूस एकही नाही. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो कसा असतो, हे तिथे तिकीट काढून बघता येई. पण गंमत अशी की बाहेर पडणारा माणूस संगमरवराबद्दल फारसं बोलत नसे. तो म्हणे, "असं वाटतं बघ, आत्ताच कुणी उठून गेलंय." आणि हे जिच्यामुळे वाटे ती बाई बहुधा त्याच वेळी जिन्याखालच्या कोनाड्यात बसून आपला डबा खात असे.

तिला सगळे मांडणीबाई म्हणत. कागदावर ती सफाई कामगार होती. तिचा नवरा त्या बंगल्याचा माळी. तो अचानक गेला तेव्हा लेक तीन वर्षांची होती, आणि बंगला चालवणाऱ्या संस्थेने दया येऊन हिला त्याच्या जागी घेतलं. झाडांतलं हिला ओ की ठो कळत नव्हतं. दोन गुलाब मेले, तेव्हा हातात फडकं देऊन तिला आत पाठवलं. फडकं मारता मारता तिच्या लक्षात आलं, की एवढं मोठं घर दुकानासारखं दिसतंय. जहाजवाल्यांच्या पत्नीचे, बाईसाहेबांचे, हातमोजे दोन्ही सरळ, शेजारी शेजारी. चष्मा मिटून डबीत. पुस्तकं कपाटात. माणसं अशी राहतात होय? एके दिवशी तिने एक हातमोजा खुर्चीवर ठेवला आणि दुसरा खुर्चीखाली पडू दिला. त्या दिवशी दारातल्या दोरीपाशी माणसं दुप्पट वेळ थांबली. तिथून तिचा धंदाच बदलला.

तीस वर्षांत तिने त्या कामाचं शास्त्र केलं. उशीवरचा खळगा मुठीने करायचा नाही, मूठ खड्डा पाडते. कोपर दाबायचं आणि मग तळहाताने बाजूला सारायचं, म्हणजे डोकं टेकून उठल्यासारखं दिसतं. मेणबत्ती अर्धी जळलेली हवी, पण वात काळी आणि वाकडी. बारा जणांच्या जेवणाच्या टेबलावर एक खुर्ची थोडी मागे सरकलेली हवी, दोन सरकवल्या तर भांडण झाल्यासारखं वाटतं. शाल टाकायची नाही, खांद्यावरून घसरू द्यायची. बाईसाहेबांच्या खोलीत पुस्तक उघडं, आणि त्याच्या डाव्या पानावर चष्मा, कारण उजवं पान वाचायचं राहिलेलं असतं. हे सगळं कुणी शिकवलं, असं विचारलं तर ती म्हणे, शिकवायला काय त्यात, जगात माणसं राहतात ती बघावीत.

एक नियम मात्र तिने स्वतःला घालून घेतला होता. मांडायचं, पण वापरायचं नाही. गालिचे जपायला खोल्यांत अनवाणी जायचं, केस पडू नयेत म्हणून डोक्याला फडकं घट्ट बांधायचं, आणि कशावर टेकायचं नाही. तीस वर्षांत ती बाईसाहेबांच्या पलंगावर एकदाही बसली नव्हती.

मांडणी संध्याकाळची. पाचला शेवटची माणसं बाहेर गेली, की ती दिवसभराची धूळ आणि समुद्राची खार पुसून सगळं पुन्हा मांडे. सहाच्या सुमाराला किल्ल्या फाटकाजवळच्या पहारेकऱ्याच्या खोलीत खिळ्याला अडकवी आणि घरी जाई. पहारेकरी तिच्या नवऱ्याचा दोस्त. तो तिला वहिनी म्हणे, ती त्याला भावजी. नवरा होता तेव्हा तिघं संध्याकाळी वाळूवर चालायला जात. तिच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, त्यामुळे ओल्या वाळूत तिची चारच बोटं उमटत. नवरा म्हणे, ही हरवली तर शोधायला सोपी आहे.

बाईसाहेबांची गोष्ट गाईड दिवसातून चार वेळा सांगे, आणि मांडणीबाईला ती झोपेतही म्हणता आली असती. सफरीवर गेलेल्या जहाजवाल्यांचं जहाज दिसलं, की बाईसाहेबांना धक्क्यावर न्यायला घोडागाडी यायची असा निरोप होता. जहाज त्यांच्यासकट बुडालं. बाईसाहेबांना कुणी सांगितलं नाही. त्या रोज नटूनथटून खोलीत वाट बघत पडायच्या आणि विचारायच्या, गाडी आली का? नोकरांना सक्त ताकीद होती. ते म्हणायचे, अजून नाही, बाईसाहेब. अकरा वर्षं. इथे गाईड आवाज खाली आणी, बायका पदराला डोळे पुसत, आणि मग सगळे खाली आइस्क्रीम खायला जात.

हे असं तीस वर्षं बिनबोभाट चाललं. मग एका सकाळी पडदे उघडताना मांडणीबाईला दिसलं, की चष्मा उजव्या पानावर आहे.

तिला वाटलं, घाईत झालं असेल. चार दिवसांनी पुन्हा उजव्या पानावर. मग उशीवरचा खळगा. तो तिचा नव्हता. आपल्या हातची पोळी बाईला ओळखू येते, तसा तिला आपल्या कोपराचा खळगा ओळखू येई. हा त्याहून खोल होता, खरोखर कुणी डोकं ठेवल्यासारखा, आणि त्यात एक लांब पांढरा केस होता. तिने तो चिमटीत धरून उजेडात बघितला. डोक्याला हात लावून बघितला, फडकं घट्ट होतं. बाहेर भरती होती, बंद तावदानांतूनही लाटांचा आवाज येत होता, आणि डाग पडलेल्या जुन्या आरशात तिच्या मागचा पलंग दिसत होता. 

ती तडक फाटकापाशी गेली आणि भावजींना विचारलं, रात्री आत कुणी जातं का? भावजी तेव्हा कुलपात तेल घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जुनं घर आहे, वहिनी," ते म्हणाले. "बाईसाहेबच येत असतील. तुम्ही मनावर घेऊ नका."

दुसरी कुणी असती तर तिची पाचावर धारण बसली असती. मांडणीबाईचा मात्र जीव भांड्यात पडला. आता भुताच्या नुसत्या नावाने कुणाचा जीव भांड्यात पडतो का? पण तिचं वय एकोणसाठ होतं, आणि भुताहून मोठी भीती तिने घरात बघितली होती.

तिच्या आईला विसर पडायला लागला तो अठ्ठावन्नाव्या वर्षी. पहिल्यांदा कळलं ते मिठावरून. आई जेवणात मीठ घाली, आणि जरा वेळाने पुन्हा घाली, आणि दोन्ही वेळा तिला खात्री असे की ही पहिलीच वेळ. मग कपड्यांचं एक बोचकं बांधून ती उंबऱ्यावर बसायला लागली. मला घरी जायचंय, म्हणे. बसलेली असे स्वतःच्याच घरात. मांडणीबाईला कामावर निघायची घाई असे, ती म्हणे, उद्या जाऊ हं, आई. चार वर्षं रोज उद्या. त्या उंबऱ्यावरच एक दिवस आई गेली, बोचकं मांडीवर घेऊन. त्याला वीस वर्षं झाली, तरी मांडणीबाई जेवण करताना मीठ घातलं की बरणी हातात धरून मोठ्याने म्हणे, "घातलं." मन चिंती ते वैरी न चिंती, दुसरं काय.

तेव्हा वस्तू हलवणारं कुणीतरी आहे आणि ते आपण नाही, हे तिला हवंच होतं. तिने बाईसाहेबांशी जुळवून घेतलं. सकाळी दार उघडताना ती खाकरे, उगाच कुणी अवघडायला नको. "झोपायचं तर झोपा," ती पुटपुटे, "पण चष्मा तेवढा जागच्या जागी ठेवत जा. मला बोलणी बसतील." लेकीला फोनवर हे सांगितलं. ती हळूच म्हणाली, आई, हे तू सकाळीच सांगितलंस. मांडणीबाई म्हणाली, सांगितलं असेन, तुझं लक्ष कुठे असतं. आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिने फोनकडे बघितलं नाही.

बोलणी बसायची वेळ आलीच. संस्थेने नव्या मॅडम नेमल्या होत्या. बाई हुशार, पण प्रत्येक गोष्टीचा फोटो काढणाऱ्या. त्यांनी महिनाभराचे फोटो शेजारी शेजारी लावले आणि मांडणीबाईला बोलावून दाखवले. चष्मा कधी इकडे, कधी तिकडे. पलंगपोस चुरगळलेला. आरामखुर्ची खिडकीकडे वळलेली. कुणीतरी खोली वापरतंय, मॅडम म्हणाल्या, आणि जो कुणी असेल त्याला कामावरून कमी करावं लागेल. सोमवारपासून वरच्या मजल्यावर कॅमेरे लागणार होते.

मांडणीबाईने होकारार्थी मान हलवली. तिच्या मनात पाल चुकचुकली होती. कॅमेऱ्यात बाईसाहेब दिसल्या तर प्रश्नच मिटला. पण दुसरं कुणी दिसलं तर ते सगळ्यांच्या आधी आपल्याला कळायला हवं, असं तिला वाटलं.

शनिवारी तिने येताना अंगाला लावायच्या पावडरीचा नवा डबा आणला. संध्याकाळी सगळ्या खोल्या मांडल्या. बाईसाहेबांची सर्वांत शेवटी. चष्मा डाव्या पानावर ठेवला आणि तिथे बोट टेकवून मोठ्याने म्हणाली, "ठेवला." मग पलंगापासून उंबऱ्यापर्यंत ती उलट्या पावलांनी मागे मागे येत गेली आणि येता येता जमिनीवर पावडर शिंपडत गेली. तिच्या मागे एकही पाऊल उरलं नाही. दार ओढून ती खाली आली. कोनाड्यात डबा ठेवताना तिने तो कानाशी धरून हलवला. निम्मा भरलेला होता. किल्ल्या खिळ्याला अडकवल्या आणि भावजींना येते म्हणाली.

रविवारी ती वेळेआधी पोचली. दार उघडून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. पावडर सारखी पसरलेली होती, कुठे ओरखडासुद्धा नव्हता. कुणीच आलं नव्हतं. तिला हायसं वाटलं. तेवढ्यात तिची नजर पुस्तकाकडे गेली. चष्मा उजव्या पानावर होता, उशीत खळगा होता.

तिने भिंतीला धरून खाली बसून जमिनीलगत बघितलं. पडद्याच्या फटीतून तिरका उजेड येत होता. त्या उजेडात पावडरीखाली उथळ खळगे दिसले. ओल्या वाळूतल्या पावलांवर वाऱ्याने कोरडी वाळू उडवावी, तसे. पावलं पलंगाकडे गेली होती आणि पलंगाकडून परत आली होती, आणि मग त्यांच्यावर पुन्हा पावडर पडली होती. डाव्या पावलाला चारच बोटं होती.

माणसाचं मन मोठं लबाड. ते तिला म्हणालं, ही तुझी कालचीच पावलं असतील, मांडतानाची. ती उठली, जिना उतरली, एका हाताने कठडा धरून. कोनाड्यात डबा जागच्या जागी होता, झाकण नीट लावलेलं. तिने तो उचलला, आणि तो इतका हलका होता की हात वरच गेला. रिकामा. पुरता रिकामा.

भूत कशाला पावडर शिंपडेल? ज्याला वाटतं की शिंपडायची राहिली, तोच शिंपडतो. कोनाड्यात उभ्याउभ्या तिला आईचा हात दिसला, बरणीतून मीठ घेणारा, दुसऱ्यांदा. तिच्या पायाखालची वाळू सरकली. ती तिथेच मटकन बसली आणि रडली, तोंडावर डोक्याचं फडकं दाबून, कारण नऊला माणसं येणार होती आणि त्या घरात आवाज फार घुमतो.

मग तोंड धुऊन ती फाटकाकडे गेली. भावजी हातात गाळणी घेऊन चहा उकळायची वाट बघत होते.

"काल मी किती वाजता घरी गेले?" तिने विचारलं.

"रोजच्यासारख्याच."

"एकदा गेले का दोनदा?"

भावजींनी गाळणी खाली ठेवली. डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. तीस वर्षांत या माणसाने तिच्याशी खोटं बोलण्याचा एकच प्रयत्न केला होता, आणि तो आता संपला. चार महिने झाले, ते म्हणाले. ती किल्ल्या अडकवी, येते म्हणे, फाटकापर्यंत जाई आणि परत फिरे: अगबाई, बाईसाहेबांची खोली राहिली. पहिल्यांदा त्यांनी सांगून बघितलं की वहिनी, झाली आहे. तेव्हा ती अशी काही बघायला लागली, गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखी, की पुन्हा सांगायचा त्यांना धीर झाला नाही. किल्ल्या ते मुकाट्याने देत. तिला उशीर झाला की वर जात.

"वर मी काय करत असते?"

"डोक्याचं फडकं सोडून घडी घालून ठेवलेलं असतं. बाईसाहेबांचा चष्मा लावून तुम्ही पुस्तक वाचता. मग चष्मा ठेवून पलंगावर पडता." त्यांनी टेबलावरची टोपी सरळ केली. "मला बघितलं की विचारता."

"काय विचारते?"

"गाडी आली का."

चहा उतू जाऊन शेगडीवर चरचरला, तो कुणी उतरवला नाही. बाहेर उन्हं स्वच्छ पडली होती, तिकिटाच्या खिडकीशी दोन-चार माणसं उभी राहायला लागली होती, आणि मांडणीबाईला आपल्याच आवाजाची भीती वाटत होती.

"मग तुम्ही काय म्हणता?" तिने विचारलं.

"दुसरं काय म्हणणार? अजून नाही, बाईसाहेब. मग तुम्ही थोडा वेळ पडून राहता, उठून फडकं बांधता आणि घरी जाता. मला वाटलं, कुणाचं काय बिघडतंय. म्हणून ते भुताचं सांगितलं."

तिला त्यांचा राग आला. चार महिने या माणसाने आपल्याला आपल्याचपासून लपवलं, असं वाटलं. मग तो राग आपोआप ओसरला, कारण हेच तिनेही केलं होतं, चार महिने नव्हे, चार वर्षं, आणि तेही कामाला उशीर होऊ नये म्हणून.

"भावजी, एक करा," ती म्हणाली. "यापुढे अजून नाही असं म्हणू नका. मी आईला रोज उद्या म्हणायचे. ती बिचारी खरं धरून बसायची. तसं मला बसवून ठेवू नका. मी विचारलं की आली म्हणा, आणि मला खाली घेऊन या."

भावजींनी मान हलवली आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

त्याच दिवशी ती मॅडमकडे गेली आणि खोली वापरणारी मीच, असं सांगितलं. सांगताना ती ताठ उभी होती.  मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या खुर्च्या सरकवल्या ती त्या घरातल्या खुर्चीवर पहिल्यांदा, शुद्धीत, बसली. ठरलं ते असं: महिनाअखेरपर्यंत ती येईल आणि सगळी मांडणी सांगेल, मॅडम लिहून घेतील. कोपराचा खळगा मॅडमना काही केल्या जमेना. मुठीने करू नका, मांडणीबाई म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी तेच नव्याने सांगे, आणि मॅडम तेच नव्याने लिहून घेत. फोटो काढणारी बाई वाटली त्याहून बरी निघाली.

शेवटच्या दिवशी लेक गाडी घेऊन येणार होती. मांडणीबाईने चाळीसही खोल्यांतून एकदा हात फिरवला, सहाला किल्ल्या खिळ्याला अडकवल्या आणि येते म्हणाली. फाटकाशी जाऊन ती उभी राहिली. मग परत फिरली. अगबाई, बाईसाहेबांची खोली राहिली.

खोलीत उजेड पिवळा होता. तिने डोक्याचं फडकं सोडलं, घडी घातली. खुर्चीवरची शाल उचलून खांद्यावर घेतली. चष्मा लावून दोन ओळी वाचल्या, त्या तिला पाठ होत्या. मग चष्मा ठेवला आणि ती पलंगावर पडली. समुद्र वाजत होता. आपण फार दिवस इथे पडून आहोत, असं तिला वाटलं. कुणीतरी न्यायला येणार होतं, कोण ते आठवत नव्हतं, पण नटून राहायला हवं होतं. आरशात एक पांढऱ्या केसांची बाई पडलेली दिसत होती, तीही वाट बघत असावी. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. ओळखीचा चेहरा, नाव सापडेना. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

"गाडी आली का?" तिने विचारलं.

 त्याचे डोळे भरून आले होते, ते का, हे तिला कळलं नाही.

"आली," तो म्हणाला. "खाली उभी आहे."

ती उठली. शाल खांद्यावरून घसरली आणि खुर्चीच्या हातावर पडली, अर्धी वर, अर्धी जमिनीवर. त्या माणसाच्या हाताला धरून ती संगमरवरी जिना उतरली, बारा जणांचं टेबल ओलांडलं, एक खुर्ची थोडी मागे सरकलेली होती. फाटकाशी गाडी होती. एक बाई तिचं दार उघडून उभी होती. चेहरा थेट आईसारखा.

"चल," ती बाई म्हणाली. "घरी जाऊया."

"उद्या?" मांडणीबाईने विचारलं.

"नाही गं," लेक म्हणाली. "आत्ता."

मांडणीबाई गाडीत बसली आणि तिने दार स्वतः लावून घेतलं. भावजी किल्ल्या घेऊन वर गेले. खोलीत काही आवरायचं राहिलं नव्हतं. उंबऱ्यावर उभे राहून त्यांनी उशीवरचा खळगा बघितला, शाल बघितली, पुस्तक बघितलं. चष्मा उजव्या पानावर होता. तो त्यांनी तसाच राहू दिला आणि दाराला कुलूप लावलं.